मदत हवी आहे: लॅपटॉपला दोन चार्जर एकदम लावावेत का? (आणि झाकणाला झिणझिण्या)

नमस्कार मंडळी,

गुहागरजवळच्या गावात राहतो, काम घरूनच. घर जांभ्याचं, वायरिंग वडिलांच्या काळातलं. पावसाळ्यात लाईट दिवसातून चार वेळा जाते आणि लॅपटॉपची बॅटरी म्हातारी झालीय, वीस मिनिटांत मान टाकते.

म्हणून एक जुगाड केलाय. मूळ चार्जर गोल पिनचा, १९.५ व्होल्ट, ६५ वॅट. तो भिंतीतल्या साध्या प्लगवर. शिवाय लॅपटॉपला चार्जिंगचं टाइप-सी पोर्ट आहे. भाऊ मुंबईहून आला तेव्हा तीन तोंडांचा ६५ वॅटचा चार्जर ठेवून गेला, तो इन्व्हर्टरच्या प्लगवर. दोन्ही कायम लॅपटॉपला लावलेले. लाईट गेली की दुसरा आपोआप सुरू, मीटिंग तुटत नाही.

मुलगी म्हणते, "बाबा, दोन्हीकडून करंट येऊन एक दिवस हा जळणार." खरंच असं होतं का?

दुसरं, लाईट नसताना त्याच चार्जरला मोबाईल लावला की लॅपटॉपचं चार्जिंग क्षणभर तुटतं आणि 'स्लो चार्जर'चा मेसेज येतो. चार्जर बिघडलाय का?

तिसरं जरा विचित्र आहे. पडवी शेणाने सारवलेली. अनवाणी बसून लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून बोट फिरवलं की झिणझिण्या येतात. पायात स्लिपर असली की काही नाही. घरच्यांना वाटतं माझ्या मनाचे खेळ.

जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

मुलीला सांगा, जळणार नाही. टाइप-सी चार्जर आधी लॅपटॉपशी बोलणी करतो, किती व्होल्ट हवेत ते ठरतं, मगच ५ वरून २० व्होल्टवर जातो. गोल पिनही लावलेली असेल तर लॅपटॉप साधारणपणे दोघांतला एकच निवडतो. ६५ अधिक ६५ अशी बेरीज होत नाही. तरी तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये एकदा बघा.

मोबाईल लावल्यावर जे होतं तो बिघाड नव्हे. ६५ वॅट हे सगळ्या तोंडांचं मिळून असतात. दुसरं उपकरण आलं की चार्जर नव्याने वाटणी करतो, लॅपटॉपच्या वाट्याला बहुधा ४५ उरतात. केबलही तपासा: साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटच. पूर्ण ६५ हवे असतील तर ५ अँपिअरची घ्या.

आणि पॉवर बँक टाइप-सीला लावत असाल तर लक्ष ठेवा. आमच्याकडे एकदा रात्रभर लॅपटॉपच पॉवर बँकेला पाजत बसला होता.

प्रतिसाद २

दोन चार्जरचं राहू द्या, मला तुमच्या झिणझिण्यांची काळजी वाटते. भावाचा चार्जर दोन पिनांचा असणार. अशा चार्जरमधून अगदी थोडा करंट धातूच्या अंगावर झिरपतो, तेवढ्याने सहसा धोका नसतो. पण तुमचा मूळ चार्जर तीन पिनांचा आहे का? असेल तर तो लावलेला असताना हा करंट अर्थिंगवाटे जमिनीत जायला हवा. तरी झिणझिण्या येत असतील तर घराला अर्थिंग नाही असं समजा. उद्या मिक्सरमध्ये खरा शॉर्ट झाला तर तो करंट जाणार कुठे? वायरमनला बोलवा. बल्ब लावून स्वतः तपासायच्या भानगडीत पडू नका.

मूळ धागाकर्ता

चार्जर तीन पिनांचाच, आणि झिणझिण्या दोन्ही लावलेले असतानाच येत होत्या. काल वायरमन येऊन गेला. प्लगमधली हिरवी वायर शाबूत होती. ती घरामागे केळीपाशी जमिनीत उतरते, तिथला क्लँप खाऱ्या हवेने पार खाल्लेला. हात लावताच हातात आला! म्हणजे कित्येक वर्षं तिसरी पिन नुसती शोभेची होती. नवा खड्डा केला, पट्टी घातली, शिवाय ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवला. आज अनवाणी बसून लिहितोय, झिणझिण्या बंद.

आता गणपतीला अकरा माणसं येणार आणि सगळ्यांचे मोबाईल पडवीतल्या एकाच एक्स्टेंशनवर. चालेल का?

प्रतिसाद २

मोबाईलचे चार्जर वीस-वीस वॅटचे धरले तरी अकरांचे २२०, म्हणजे जेमतेम १ अँपिअर. ६ अँपिअरच्या बोर्डाला ते काहीच नाही. फक्त सॉकेट ढिलं नको. पिन हलली की ठिणगी पडते आणि बोर्ड तापतो. पिना हिरव्या पडल्या असतील तर घासून घ्या. मात्र त्यावर इस्त्री किंवा पाण्याची रॉड लावू देऊ नका, १५०० वॅटची रॉड एकटीच साडेसहा अँपिअर ओढते. विजा कडकडू लागल्या की सगळ्या पिना काढायच्या, स्विच बंद करून भागत नाही.

मूळ धागाकर्ता

बोर्डावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, 'इथे इस्त्री लावू नये'. आमची आत्या चष्मा मुंबईला विसरून येते, तेवढंच बघावं लागेल.