कुलूप ढिलं आहे, हे सांगायचं कुणाला?

रामबागेतला रिकामटेकडा (धागाकर्ता)

इंदूरच्या एका जुन्या मराठी वाचनालयात मी संध्याकाळी जाऊन बसतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तिथल्या एकुलत्या एक लॅपटॉपचं काय करायचं, हा विषय कमिटीत निघाला. नवा घ्यायला पैसे नाहीत, जुना भंगारात द्यायला मन होत नाही. मी म्हटलं, विंडोजच्या जागी लिनक्स टाकून देतो, फुकट मिळतं. टाकलं. ग्रंथपाल काकू दोन दिवसांत रुळल्या. तिसऱ्या दिवशी तर मलाच शॉर्टकट शिकवायला लागल्या.

मागच्या आठवड्यात काकूंनी लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि पासवर्डचा चौकोन यायच्या आधी सभासदांची अख्खी यादी पडद्यावर! नाव, फोन, अनामत, कुणाची वर्गणी किती महिने थकलीये, सगळं. सेकंद-दीड सेकंद. मग पडदा काळा आणि त्यानंतर कुलूप. काकू म्हणाल्या, "अहो, हे दार लावायच्या आधी घर दाखवून राहिलंय."

मी तिथल्या तिथे मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि आमच्या लिनक्सवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. झालं! अर्धे म्हणाले, बरं केलंत, आमच्याकडेही होतं. उरलेले अंगावर आले. असं उघड्यावर टाकतात का, चोरांना आमंत्रण आहे हे, आधी डेव्हलपरला गुपचूप कळवायचं असतं वगैरे.

माझं मत असं. जे लॅपटॉपचं झाकण उघडल्यावर कुणालाही दिसतं, ते लपवून काय साधणार? चोराला ते आधीच ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते काकूंना. उघड सांगितलं तर निदान त्या यादी बंद करून मग झाकण लावतील. तुम्हाला काय वाटतं?

टर्मिनल भिया

साफ असहमत.

आधी एक गोष्ट. व्हिडिओ म्हणजे बग रिपोर्ट नव्हे. कुठलं डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार), कुठली आवृत्ती, कुठलं डेस्कटॉप, पडद्यावर खिडक्या काढायची व्यवस्था कुठली, जुनी एक्स की नवी वेलँड, काहीच नाही. "माझ्याकडे असं होतं" एवढं सांगून डॉक्टरकडे गेलात तर तो तरी काय करणार?

दुसरं, कुलुपाचा दोष आणि आयकॉन वाकडा दिसण्याचा दोष यांत फरक आहे. कुलुपाचा असेल तर आधी कानात सांगायचं. त्यासाठी वेगळ्या वाटा आहेत. उबुंटूवाल्यांच्या लाँचपॅड या साइटवर बग नोंदवताना तो सुरक्षेचा आहे असं ठरवता येतं, मग तो सगळ्यांना दिसत नाही. डेबियन या डिस्ट्रोची सुरक्षा टीम आहे, कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, वेगळी आहे. आणि कानात म्हणजे कायमचं दडपून ठेवायचं असंही नाही. डिस्ट्रोवाल्यांची जी बंद मेलिंग लिस्ट आहे तिथे जास्तीत जास्त १४ दिवस गुप्तता पाळतात, मग सगळं बाहेर.

डर्टी पाइप नावाच्या दोषाचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२१ मध्ये एका ग्राहकाची तक्रार आली की लॉगची (नोंदींची) फाइल उघडत नाही. मॅक्स केलरमन या प्रोग्रामरनं ती सोडली नाही. पुन्हा पुन्हा तशाच फाइली बिघडत गेल्या, तो मागे लागला आणि शेवटी सापडलं काय, तर थेट कर्नलमधलं भोक. ज्या फाइलीवर लिहायची परवानगीच नाही तिच्यात कुणालाही लिहिता यावं असं. २० फेब्रुवारी २०२२ ला त्यानं कर्नलच्या सुरक्षा टीमला कळवलं, तीन दिवसांत दुरुस्त कर्नल आले, ७ मार्चला जगजाहीर केलं. पंधरा दिवस तोंड बंद ठेवलं म्हणून कुणाचं काही बिघडलं नाही. त्यानं पहिल्याच दिवशी व्हिडिओ टाकला असता तर?

कान्हकाठची

भिया, तुम्ही सांगता त्या वाटा मी चालून आलेय. माझी गोष्ट सुरक्षेची नाही, पण ऐका.

मी मराठीत टंकून पीडीएफ काढते. एका प्रोग्राममध्ये "दुसऱ्या" हा शब्द छापला की त्यातला आडवा र जायचा आणि तिथे पाय मोडलेला, खाली टिंब असलेला र यायचा. पडद्यावर ठीक, कागदावर चूक. मी रीतसर खातं उघडलं, इंग्रजीत अर्ज भरला. नमुना फाइल जोडली, दोन चित्रं जोडली, एक बरोबर, एक चूक. तीन महिन्यांनी विचारणा आली की ही दोन्ही चित्रं आम्हाला सारखीच दिसतात, नेमकी अडचण काय? आता त्या बिचाऱ्याला मी काय सांगू? "आचार्यास" आणि "आचाऱ्यास" यांत आख्खा माणूस बदलतो, हे मला इंग्रजीत समजावून द्यावं लागलं. समजावलं. त्यानंतर वर्षभर शांतता. मग एक दिवस रोबॉटचा निरोप: तुमची आवृत्ती आता सपोर्टमध्ये नाही, नव्या आवृत्तीत हे होत असेल तर पुन्हा नोंदवा, हा बग बंद करण्यात येत आहे.

नव्या आवृत्तीत होत होतंच. मी पुन्हा नोंदवलं नाही. खरंच सांगते, कंटाळा आला.

तेव्हा "व्हिडिओ म्हणजे बग रिपोर्ट नव्हे" हे म्हणायला सोपं आहे. काकूंनी एक्स की वेलँड हे कुठून सांगायचं? त्यांना दिसलं ते त्यांनी मराठीत एका वाक्यात सांगितलं, आणि ते वाक्य तुमच्या अर्ध्या बग रिपोर्टांपेक्षा नेमकं आहे.

खिडकीवाला

हे सगळं वाचून विंडोजवाला म्हणून हसू आलं. इतकी वर्षं ऐकतोय की लिनक्सचा कोड उघडा आहे, हजारो डोळे बघतायत. मग दुसऱ्याच्या अधिकारानं कमांड चालवणाऱ्या पीकेएक्झेकमधलं भोक २००९ पासून जानेवारी २०२२ पर्यंत तिथेच कसं राहिलं? तसंच काम करणाऱ्या सुडोमधलं जुलै २०११ पासून जानेवारी २०२१ पर्यंत? दोन्ही क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या पगारी लोकांनी शोधली. तुमच्या हजारातले बाकीचे डोळे वॉलपेपर बदलत होते काय?

रामबागेतला रिकामटेकडा

@खिडकीवाला, टोमणा मान्य. पण सापडलं ते उघडं होतं म्हणूनच, आणि कोण किती वर्षं झोपलं होतं याचा हिशेब तुम्ही आज मांडू शकता तोही त्यामुळेच. बंद घरात उंदीर किती, ते घरमालकच जाणे.

@टर्मिनल भिया, तुमचं डर्टी पाइप चांगलं आहे, पण मालकाच्या कानात सांगा हा नियम नेहमी चालत नाही. फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रोग्रामचं आठवा. मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एवढंच जाणवलं की एसएसएचनं (दुरून दुसऱ्या यंत्रात) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण राउटरला शिव्या घालून चहा प्यायला गेलो असतो. त्यानं पाठ धरली आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम घातलेलं मागचं दार सापडलं. आता सांगायचं कुणाला? ते दार ज्यानं बसवलं तो "जिया टॅन" नावाचा गृहस्थ त्याच प्रकल्पाचा कारभारी होऊन बसला होता. फ्रॉइंडनं मूळ प्रकल्पाकडे तक्रार केलीच नाही. डेबियन आणि डिस्ट्रोवाल्यांना कळवलं आणि २९ मार्चला सरळ सगळ्यांसमोर मांडलं.

आणि कुलुपाचंच म्हणाल तर २०२१ च्या जानेवारीत लिनक्स मिंट या डिस्ट्रोचं काय झालं? एका बापानं लिहिलं की माझ्या मुलांना माझा डेस्कटॉप हॅक करायचा होता. त्यांनी खरा कीबोर्ड आणि पडद्यावरचा कीबोर्ड एकदमच बडवला, आणि कुलूपवाला प्रोग्राम कोसळून आतलं सगळं समोर. एकदा नाही, दोनदा. त्यानं हे उघड्यावर लिहिलं, सगळ्यांनी करून पाहिलं, आणि दुरुस्तीही झाली. आकाश कोसळलं नाही.

टर्मिनल भिया

एक्सझेड हा अपवाद आहे, आणि तिथेही त्यानं एक दिवस आधी डिस्ट्रोवाल्यांना खाजगीत कळवलं होतं, हे तुम्ही घाईघाईत उरकलंत.

मिंटचं उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. बापाचं लिखाण नीट वाचा. काय केलं, कशानं होतं, किती वेळा झालं, सगळं होतं त्यात. म्हणून लोक शोधू शकले की पडद्यावरच्या कीबोर्डमध्ये "ई" दाबून धरून वरच्या रेघेचं अक्षर निवडलं की तो कोसळतो. एक्समध्ये कुलूप म्हणजे सगळ्या खिडक्यांवर टाकलेली एक चादर असते. चादर उडाली की खाट उघडी. हे कळायला "कशानं" लागतं, नुसतं "अरे बापरे" पुरत नाही.

"अरे बापरे"चं उदाहरण पाहिजे? सप्टेंबर २०२४, लिनक्सवर छपाई सांभाळणारं कप्स. आधी ट्विटरवर (आताचं एक्स) बोंब की सगळ्या लिनक्सवर दुरून कब्जा मिळवता येतो, तीव्रता १० पैकी ९.९. लोकांची झोप उडाली. तपशील बाहेर आले तेव्हा कळलं की कप्स-ब्राउज्ड हा त्यातला प्रिंटर शोधणारा भाग चालू पाहिजे, ६३१ नंबरचं पोर्ट बाहेरून पोचता आलं पाहिजे, आणि वर समोरच्या माणसानं त्या खोट्या प्रिंटरवर काहीतरी छापायलाही पाहिजे. दोष खरा होता, दुरुस्तही करायलाच हवा होता. पण आधी डंका आणि मग गाणं, यानं पुढच्या वेळी लोक कान झाकून बसतात.

सरवटे स्टँड

भांडा, पण नवऱ्या-बायकोच्या तक्रारी हसण्यावारी नेऊ नका. २००९ मध्ये उबुंटूच्या बगमध्ये एकानं लिहिलं होतं की माझी बायको म्हणते, ओपनऑफिस मंगळवारी छापतच नाही. वाचणाऱ्याला वाटेल, वहिनींना उपासाचा वार आठवला असावा. पण ते अक्षरशः खरं निघालं! फाइल कुठल्या प्रकारची आहे हे ओळखणारा एक छोटा प्रोग्राम आहे, "फाइल" नावाचाच. त्यात अर्लांग भाषेच्या फाइली ओळखायचा एक नियम होता. १९९१ सालच्या एका मंगळवारची पूर्ण तारीख जुळली तरच ती अर्लांगची फाइल, असं म्हणायचं होतं. पण लिहिणाऱ्यानं मधल्या रिकाम्या जागा नीट लिहिल्या नाहीत, म्हणून तो तारखेतली नुसती पहिली तीन इंग्रजी अक्षरं बघायचा, Tue, म्हणजे "ट्यू", मंगळवार. मंगळवारी छापायला पाठवलेल्या फाइलीत तारीख पडायची, त्यात "ट्यू", की हा म्हणणार ही अर्लांगची फाइल, आणि प्रिंटर गप्प.

डेव्हलपरला हे कधीच सापडलं नसतं. त्या बाईंनी वार लक्षात ठेवला म्हणून सापडलं.

कान्हकाठची

+१. आणि त्या बाईंनाही कुणी एक्स की वेलँड विचारलं नव्हतं.

नोटरी काका

तांत्रिक चर्चा चालू द्या, मला त्यातलं कळत नाही. दोन गोष्टी बोलतो.

एक. स्वतःच्या किंवा मालकाच्या परवानगीनं हाती असलेल्या यंत्रावर काही तपासलंत तर अडचण नाही. पण असा दोष कळला म्हणून शेजारच्या ऑफिसात जाऊन कुणाचं झाकण उघडून पाहू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ आणि ६६. परवानगीशिवाय आणि गैरहेतूनं शिरलात तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "मी फक्त बग तपासत होतो" याला त्या कलमांत वेगळी सूट लिहिलेली नाही. स्वतःहून कुठे कळवायचंच असेल तर २००४ पासून सर्ट-इन ही सरकारी संस्था आहे, ती अशा तक्रारी घेते.

दोन. धागाकर्ते, तुमचा तो व्हिडिओ माझ्यापर्यंतही आला. मी तो थांबवून मोठा करून पाहिला. तिसऱ्या ओळीत माझं नाव आहे. पुढे माझा मोबाइल नंबर आहे. आणि "वर्गणी थकीत, ७ महिने" हेही आहे.

रामबागेतला रिकामटेकडा

अरे देवा.

काका, माफ करा. काढला. ग्रुपवरूनही सगळ्यांसाठी डिलीट केला, पण वेळ होऊन गेली होती, ज्यांनी पुढे पाठवला त्यांचं मी काय करू? कुलूप सेकंदभर घर दाखवत होतं, मी ते चोवीस तास दाखवत बसलो.

खिडकीवाला

😄😄 हजारो डोळे!

टर्मिनल भिया

मी हसत नाहीये. काढलात ते बरं झालं. आता कामाचं बोलू.

माझा अंदाज सांगतो. झाकण लावलं की यंत्र झोपायला निघतं. झोपण्याआधी लॉजिंड (लॉगिन आणि झोप सांभाळणारा प्रोग्राम) सगळ्या प्रोग्रामना थोडी सवड देतो, मुळात ५ सेकंदांपर्यंत. त्या वेळात कुलूपवाल्यानं पडदा झाकून "झालं" म्हणायचं असतं. जुनी हार्ड डिस्क, संथ यंत्र, तर त्याचं झाकणं पुरं व्हायच्या आत झोप लागते. उठल्यावर स्क्रीन कार्डाकडे जे शेवटचं चित्र होतं ते आधी दिसतं. हे खरं असेल तर दोष कुलपाचा की झोपेचा, हे ठरवावं लागेल, कारण त्यावरून अर्ज कुठल्या दारात टाकायचा ते ठरतं. चुकीच्या दारात टाकलात की ताईंसारखं होणार.

मला एवढं हवंय: दर वेळी होतं की अधूनमधून? झाकण किती वेळ बंद होतं? बॅटरीवर की चार्जरवर? यादीऐवजी एखादी रिकामी फाइल उघडी ठेवून करा, कृपा करून. आणि हो, अर्ज खाजगीतच टाकू. वाटल्यास १५ व्या दिवशी तुम्ही चौकात ढोल वाजवा.

कान्हकाठची

इंग्रजी मी लिहून देते. पण रोबॉटनं बंद केला तर पुन्हा उघडायची जबाबदारी भियांची. लेखी द्या.

टर्मिनल भिया

दिली.

रामबागेतला रिकामटेकडा

आज वाचनालयात गेलो. काकूंना म्हटलं, हे प्रश्न आहेत, दोन-चार दिवस जरा लक्ष ठेवाल का. त्यांनी खण उघडून पुस्तकं परतीची वही काढली आणि मागचं पान दाखवलं. पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलंय. तारीख, वेळ, काय उघडं होतं, दिसलं की नाही. बरोब्बर पुस्तकाच्या नोंदीसारखे रकाने. ११ वेळा झाकण उघडलं, ४ वेळा यादी दिसली. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात "वायर". ज्या चार ओळींत यादी दिसली त्या चारही ओळींत तो रकाना रिकामा आहे.

पानाचा फोटो टाकत नाहीये. टंकून पाठवतो.