रेनपायमध्ये मराठी संवाद: चौकोन का दिसतात?

प्रश्न: रेनपाय या गेम इंजिनात दृश्य कादंबरी (चित्रं, संवाद आणि पर्याय यांतून गोष्ट सांगणारा गेम) करतोय. मराठी वाक्यांच्या जागी नुसते चौकोन येतात. आणि गेम विकला तर इंजिनाचे पैसे द्यावे लागतात का?

उत्तर १: सोबत येणारा देजावू सान्स हा फाँट देवनागरी जाणतच नाही, म्हणून चौकोन. नोटो सान्स देवनागरी या फाँटची टीटीएफ (फाँटची) फाइल ‘गेम’ फोल्डरमध्ये टाका. मग जीयूआयच्या (पडद्यावरच्या मांडणीच्या) स्क्रिप्टमध्ये फाँटच्या तीन ओळी आहेत: संवाद, पात्राचं नाव, मेनू. तिन्ही बदला. एकच बदलली की संवाद नीट दिसतो, मेनूत चौकोन तसेच.

उत्तर २: फाँट बदलूनही ‘क्ष’ फुटला किंवा ‘कि’ची वेलांटी भलत्या बाजूला गेली, तर आवृत्ती जुनी आहे. अक्षरजुळणी हार्फबझ नावाची लायब्ररी करते, ती रेनपायच्या 8 मालिकेच्या अलीकडच्या आवृत्त्यांतच आहे. 7 वर डोकं आपटू नका.

उत्तर ३: पैसे शून्य, विक्रीलाही. बहुतांश कोड एमआयटी या मुक्त परवान्याखाली आहे, काही भाग एलजीपीएल या दुसऱ्या मुक्त परवान्याखाली. परवान्याची सूचना मात्र गेमसोबत द्यायची. ती लोक हमखास विसरतात.

प्रश्नकर्ता: मग हे फुकटचं म्हणून हौशी लोकांचंच का?

उत्तर ३: अजिबात नाही. 2004 पासून टॉम रोथमेल हे इंजिन सांभाळताहेत. 2017 चा ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ आणि 2023 चा ‘स्ले द प्रिन्सेस’ रेनपायवरच बनले. गंमत म्हणजे नाव गाजतं गेमचं. इंजिनाचं कुणी विचारतही नाही.