आईच्या स्मरणसभेत बोलायचं आहे, तिच्या वहीतलं किती सांगू?

नमस्कार. आई नुकतीच देवाघरी गेली. चर्चमध्ये तिच्यासाठी आभाराची उपासना ठेवली आहे आणि कुटुंबातर्फे मी बोलावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. पाळकांनी पाच-सात मिनिटं दिली आहेत. सांगायला पुष्कळ आहे, अडचण वेगळीच आहे.

आईची प्रार्थनेची एक वही होती. पहाटे घर उठायच्या आधी ती घेऊन बसायची. ती असेपर्यंत आम्ही कुणी त्या वहीला हात लावला नाही. आता भावानं आणि मी मिळून उघडली. पानापानावर नावं, नावापुढे त्या माणसाचं दुःख दोन-तीन शब्दांत, आणि प्रार्थनेचं उत्तर मिळालं की शेजारी तारीख आणि ‘धन्यवाद’. कुणाचा नवरा पितो, कुणाची नोकरी गेलेली, कुणाच्या मुलाची फी राहिलेली. काही नावांपुढे रक्कमही आहे, म्हणजे नुसती प्रार्थना करून ती थांबली नव्हती. यातला एक शब्दही घरात तिच्या तोंडून कधी निघाला नाही. संडे स्कूलला शिकवणारी, क्वायरमध्ये गाणारी, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी आई आम्हाला ठाऊक होती. ही आई आत्ता कळली.

भाऊ म्हणतो, दोन-चार पानं वाच, लोकांना कळू दे. माझं मन होत नाही. त्यातली कितीतरी माणसं समोर बसलेली असणार, आणि नावं गाळली तरी लहान मंडळीत कोण ते ओळखायला वेळ लागत नाही. शिवाय बायबलमधलं मत्तय ६:३ हे तिचं आवडतं वचन: उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये. जिनं ते जन्मभर पाळलं, तिचंच दान मी माइकवरून जाहीर करू? पण वही बाजूला ठेवली तर उरतं ‘प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील’. खरंच आहे ते, पण कुणाच्याही आईला लागू पडेल. नीतिसूत्रे ३१, म्हणजे सद्गुणी स्त्रीचं वर्णन, तेसुद्धा अशा बहुतेक सभांत वाचतात. ऐकणाऱ्यांना माझी आई दिसायला हवी.

आणखी एक. लहानपणी भाऊ तिच्यावर फार रुसायचा. त्याला ती हवी असायची तेव्हा ती नेमकी कुणाच्या तरी दवाखान्यात. हे बोलावं का?

प्रतिसाद १

ताई, तुमच्या दुःखात सहभागी आहे. मी पाळक आहे, अशा बऱ्याच उपासना घेतल्या आहेत.

मत्तयातलं ते वचन देणाऱ्यासाठी आहे. ज्याला मिळालं त्यानं गप्प राहावं असं त्यात नाही. प्रेषितांची कृत्ये ९ काढा. यापोतली टबीथा, म्हणजे दुर्कस, वारली आणि येशूचा शिष्य पेत्र आला, तेव्हा विधवा रडत पुढे झाल्या आणि तिनं शिवलेली वस्त्रं त्यांनीच त्याला दाखवली. ज्यांना मिळालं, त्यांनी दाखवलं. मार्क १४:९ मध्ये प्रभूच्या मस्तकावर सुगंधी तेल ओतणाऱ्या बाईबद्दल तो म्हणतो की सुवार्ता जिथे जिथे सांगितली जाईल तिथे हिची आठवण म्हणून हिनं केलेलंही सांगतील. म्हणजे सांगण्यात गैर काही नाही, कुणी सांगायचं एवढाच प्रश्न आहे.

वही वाचू नका, वहीबद्दल बोला. ती पहाट, ते हस्ताक्षर, ते ‘धन्यवाद’. आई त्यात दिसेल. रक्कम अजिबात नको, नुसता उल्लेखही नको. ऐकणारा मनात हिशेब करू लागतो. शेवटी सांगा की कुणाला आईविषयी काही सांगावंसं वाटलं तर उपासनेनंतर घरच्यांना भेटा. लोक येतात हो. आणि लिहून न्या. संथ वाचलं तर पाच मिनिटांत पाचशे-सहाशे शब्द बसतात, पण तुम्ही चारशेच लिहा. मध्ये कंठ दाटतो, तेव्हा थांबायला वेळ हवा.

प्रतिसाद २

भावाच्या रुसव्याबद्दल. ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीनची आई मोनिका ३८७ साली रोमजवळच्या ऑस्तियाला वारली. ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या नवव्या भागात त्यानं तिच्याविषयी लिहिलंय. तिची भक्ती, तिचे अश्रू आहेतच. पण लहानपणी पिंपातून वाइन आणायला पाठवलं की ती चोरून प्यायची आणि दासीनं टोचून बोलल्यावर ती सवय सुटली, हेही त्यानं लिहिलंय. वाचताना ती जास्तच जवळची वाटते. तेव्हा रुसव्याचं जरूर येऊ द्या, फक्त ते भावाला बोलू द्या. त्याच्या तोंडी ते प्रेम वाटेल, तुमच्या तोंडी तक्रार.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दुर्कसची गोष्ट आईनंच आम्हाला संडे स्कूलमध्ये शिकवली होती, तरी ती विधवांच्या बाजूनं कधी वाचली नव्हती. भाऊ दोन मिनिटं बोलायला तयार झालाय आणि पानं वाचायचा आग्रह त्यानं सोडलाय.

आता वहीचंच विचारते. फाडून टाकायला हात धजत नाही, आणि घरात ठेवली तर उद्या कुणाच्याही हाती पडेल. लोकांनी विश्वासानं सांगितलेलं आहे ते. तुमच्यापैकी कुणाकडे आईवडिलांची अशी वही असेल तर तुम्ही तिचं काय केलंत?