मदत हवी आहे: हेश्वानला तीस दिवस नसतील त्या वर्षी पुण्यतिथी कोणत्या दिवशी धरावी?

सर्वांना नमस्कार.

माझ्या वडिलांचे निधन २४ नोव्हेंबर २०२२ रोजी, गुरुवारी दुपारी झाले. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, आहोत, मूळचे रेवदंड्याकडचे, आणि आता ठाण्यात स्थायिक. आमच्या घरी पुण्यतिथी हिब्रू तिथीने पाळली जाते. त्या दिवशीची तिथी होती ३० हेश्वान, वर्ष ५७८३. अडचण अशी की हेश्वान हा महिना काही वर्षी तीस दिवसांचा असतो आणि काही वर्षी एकोणतीस दिवसांचा. एकोणतीस दिवसांचा असतो त्या वर्षी ही तिथीच उगवत नाही.

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे ५७८६ मध्ये, नेमके हेच झाले. आईने २९ हेश्वान धरला, म्हणजे गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५, आणि ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्याने आदल्या संध्याकाळीच दिवा लावला. इस्राएलमध्ये अश्दोदला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाने १ किस्लेव, म्हणजे पुढच्या महिन्याचा पहिला दिवस, धरला. त्यामुळे गुरुवारी सूर्यास्ताला आमचा दिवा शांत झाल्यावर त्याच्या घरी लागला. दोघांच्या श्रद्धेत काही कमी नाही, पण कद्दीश, म्हणजे मृतासाठी म्हणायची प्रार्थना, एकाच दिवशी व्हावे अशी आईची मनापासून इच्छा आहे, म्हणून हा धागा काढत आहे.

प्रश्न विचारण्याआधी मी जेवढे समजून घेतले आहे तेवढे मांडतो, म्हणजे कुठे चूक असल्यास जाणकारांना बोट ठेवता येईल.

ज्यू वर्षाच्या लांबी सहाच असतात: साध्या वर्षाला ३५३, ३५४ किंवा ३५५ दिवस आणि अधिक महिन्याच्या वर्षाला ३८३, ३८४ किंवा ३८५ दिवस. अधिक महिना आपल्या शेजारच्या हिंदू घरांत जसा कधी श्रावणाला तर कधी ज्येष्ठाला लागतो तसा तो फिरत नाही; तो नेहमी अदारलाच लागतो आणि एकोणीस वर्षांच्या चक्रातील तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, अकराव्या, चौदाव्या, सतराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी येतो. एवढा भाग सरळ आहे आणि माझ्या प्रश्नाशी त्याचा फारसा संबंध नाही. प्रश्न आहे तो एका दिवसाच्या कमी-जास्तीचा. हा फरक फक्त दोन महिन्यांत सामावून घेतला जातो. ३५५ आणि ३८५ दिवसांच्या पूर्ण वर्षांत हेश्वान आणि किस्लेव दोघांनाही तीस दिवस मिळतात. ३५४ आणि ३८४ दिवसांच्या नियमित वर्षांत हेश्वानला एकोणतीस आणि किस्लेवला तीस. ३५३ आणि ३८३ दिवसांच्या उण्या वर्षांत दोघांनाही एकोणतीस. म्हणजे ३० हेश्वान फक्त पूर्ण वर्षांतच येतो.

मग वर्ष पूर्ण, नियमित की उणे हे ठरते कशावरून? मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही की ते त्या वर्षाच्या आत ठरतच नाही. या वर्षाचा रोश हशाना (वर्षाचा पहिला दिवस) आणि पुढच्या वर्षाचा रोश हशाना हे दोन दिवस आधी स्वतंत्रपणे निश्चित होतात आणि मधले अंतर भरून काढण्यासाठी हेश्वान-किस्लेवचे दिवस जुळवले जातात. रोश हशाना म्हणजे आमच्या आजीच्या बोलीतला नव्याचा सण. तो ठरवण्यासाठी मोलाद, म्हणजे मध्यममानाने काढलेली अमावास्येची वेळ, पाहिली जाते. एका महिन्याचे मान २९ दिवस, १२ तास आणि ७९३ भाग धरले आहे. एका तासाचे १०८० भाग होतात, म्हणजे एक भाग साडेतीन सेकंदांहून थोडा कमी. बारा महिन्यांचे ३५४ दिवस, ८ तास आणि ८७६ भाग होतात.

मोलाद ज्या वारी येतो त्या वारी वर्ष सुरू व्हावे हा मूळ नियम, पण त्याला अपवाद आहेत. रोश हशाना रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ देत नाहीत. बुधवारी आला तर दारफळणीचा सण, म्हणजे योम किप्पूर, शुक्रवारी पडेल, आणि शुक्रवारी आला तर रविवारी. दोन्ही वेळा तो शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला, लागून येईल आणि सलग दोन दिवस चूल पेटवता येणार नाही की मृताला माती देता येणार नाही. रविवार टाळतात तो होशाना रब्बा, म्हणजे मांडवांच्या सणाचा सातवा दिवस, शनिवारी येऊ नये म्हणून. दुसरा नियम असा की मोलाद दुपारी बारा वाजता किंवा त्यानंतर आला तर वर्ष पुढच्या दिवसावर जाते. उरलेले दोन नियम क्वचितच लागू होतात, पण ते वगळून मी संगणकावर तक्ता मांडून पाहिला तेव्हा मधूनच ३५६ आणि ३८२ दिवसांची वर्षे निघाली. ते दोन नियम घातल्यावर सहाच लांबी उरल्या.

आता आमच्या तिथीला प्रत्यक्ष लागू पडलेले उदाहरण सांगतो. ५७८५ या वर्षाचा मोलाद ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, गुरुवारी पहाटे ३ वाजून २१ मिनिटांनी होता. वार चालणारा होता, वेळ दुपारच्या आधीची होती, म्हणून वर्ष त्याच दिवशी सुरू झाले. त्यात बारा महिन्यांचे मान मिळवले की ५७८६ चा मोलाद येतो सोमवार, २२ सप्टेंबर २०२५, दुपारी १२ वाजून १० मिनिटे. बरोबर बारा वाजल्यानंतर १८७ भाग. सोमवार हा चालणारा वार आहे, पण दुपार उलटून गेलेली असल्यामुळे नवे वर्ष मंगळवार, २३ सप्टेंबरला गेले, आणि ५७८५ ला ३५४ ऐवजी ३५५ दिवस मिळाले. तो वाढलेला एक दिवस गेला हेश्वानला. म्हणून १ डिसेंबर २०२४ हा रविवार ३० हेश्वान ठरला आणि त्या वर्षी वडिलांची तिथी आम्हाला मिळाली. जवळजवळ दहा महिन्यांनंतरच्या दुपारच्या दहा मिनिटांवर ती अवलंबून होती. पंचांग आधीच गणिताने बांधलेले असल्यामुळे हे शक्य होते; जेरुसलेममध्ये साक्षीदारांनी चंद्र पाहून महिना जाहीर करण्याच्या काळात असे होणे शक्य नव्हते.

दुपारच्या या मर्यादेवरूनच इ. स. ९२१-२२ मध्ये मोठा वाद झाला होता. पॅलेस्टाइनमधील ज्यू धर्मपंडित आरोन बेन मेइर यांचे म्हणणे होते की मर्यादा दुपारनंतर ६४२ भागांपर्यंत धरावी. बॅबिलोनच्या बाजूने सादिया गाओन यांनी त्याला विरोध केला. बेन मेइर यांनी त्या वर्षी हेश्वान आणि किस्लेव दोन्ही एकोणतीस दिवसांचे जाहीर केले, तर बॅबिलोनने दोन्ही तीस दिवसांचे, आणि ९२२ मध्ये दोन्हीकडच्या लोकांनी वल्हांडणाचा सण दोन दिवसांच्या अंतराने, एकांनी रविवारी आणि दुसऱ्यांनी मंगळवारी पाळला. पुढे बॅबिलोनचीच पद्धत सर्वत्र रूढ झाली. बेन मेइर यांची मर्यादा टिकली असती तर २०२५ चा नव्याचा सण सोमवारी आला असता, कारण १८७ हे ६४२ पेक्षा कमीच आहेत, आणि ५७८५ मध्ये ३० हेश्वान आलाच नसता. आमच्या कुटुंबातील छोट्याशा मतभेदाचे मूळ इतके जुने आहे हे कळल्यावर आई बराच वेळ त्याबद्दल विचारत राहिली.

आता पुण्यतिथीबद्दल. मला मिळालेला नियम असा: निधन ३० हेश्वानला झाले असेल तर पहिल्या वर्षश्राद्धाच्या वर्षी काय घडले ते पाहावे. त्या वर्षी हेश्वानला एकोणतीस दिवस असतील तर पुढे जेव्हा जेव्हा तिथी येणार नाही तेव्हा २९ हेश्वान धरावा. पहिल्या वर्षी तीस दिवस असतील तर तशा वर्षांत १ किस्लेव धरावा. आमच्या बाबतीत पहिले वर्ष ५७८४ होते आणि ते ३८३ दिवसांचे, म्हणजे उणे होते. त्यानुसार आईचे बरोबर ठरते. चुलतभावाचे म्हणणे असे की ३० हेश्वान हा किस्लेवच्या रोश होदेशचाच, म्हणजे महिन्यारंभाच्या सणाचाच, पहिला दिवस असतो, म्हणून तिथी नसेल त्या वर्षी रोश होदेशच्या उरलेल्या दिवशी, म्हणजे १ किस्लेवला, कद्दीश म्हणणे योग्य. त्याच्या म्हणण्यातही मला तथ्य वाटते, आणि त्याला तिथल्या वडीलधाऱ्यांनी तसे सांगितले आहे.

तरी पुढील बाबतींत मदत हवी आहे.

पहिल्या वर्षावरून ठरवण्याचा हा नियम आपल्या बेने इस्राएल घरांत प्रत्यक्ष पाळला जातो का? अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल या भागांतील किंवा मुंबईतील कुणाच्या घरी ३० हेश्वानची (किंवा ३० किस्लेवची, कारण उण्या वर्षांत तीही गळते) पुण्यतिथी असेल, तर आजी-आजोबा कोणता दिवस धरत होते ते कृपया लिहावे. कुणाकडे समाजाने छापलेली जुनी मराठी दिनदर्शिका असेल आणि तिच्यात अशा गळलेल्या तिथीविषयी काही सूचना दिलेली असेल, तर त्या पानाचे छायाचित्र टाकल्यास फार उपकार होतील.

दुसरे असे की पुढची दोन वर्षे चिंता नाही. ५७८७ हे ३८५ दिवसांचे आणि ५७८८ हे ३५५ दिवसांचे, दोन्ही पूर्ण आहेत. तिथी १० नोव्हेंबर २०२६ आणि ३० नोव्हेंबर २०२७ रोजी येते. मात्र ५७८९ हे ३५४ दिवसांचे आहे. त्या वर्षी २९ हेश्वान शनिवारी, १८ नोव्हेंबर २०२८ रोजी येतो आणि १ किस्लेव रविवारी. शब्बाथला कब्रस्तानात जाता येत नाही आणि मलिद्याची तयारीही करता येत नाही. दिवा शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी लावावा आणि कद्दीश शनिवारी सिनेगॉगमध्ये म्हणावे, हे समजते. पण कबरीवर शुक्रवारी सकाळी जावे की रविवारी? रविवारी गेलो तर तो चुलतभावाचाच दिवस आहे आणि दोन्ही घरांना एकत्र येता येईल. हे रीतीला धरून होईल का, एवढे कुणी जाणत्या हज्जनला (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याला) विचारून सांगितले तरी आईला मोठा दिलासा मिळेल. तो तिथून येणार असल्यास सुट्टी आणि तिकिटे बरीच आधी ठरवावी लागतील, म्हणून आत्ताच विचारत आहे.