आत्याला 80 पूर्ण होतायत, भेट काय द्यावी? (गुहागर तालुका, जुनं घर)

सुरंगी
आत्याला येत्या आषाढात 80 वर्षं पूर्ण होतात. घर समुद्रापासून जवळच. चिऱ्याचं, कौलारू; न्हाणीघर आणि संडास मागच्या पडवीला लागून, तीन पायऱ्या उतरून. दादा-वहिनी सोबत असतात. आत्याची तब्येत ठणठणीत, पण उजवा गुडघा दुखतो, बोटांचे सांधे आखडलेत आणि एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय. पावसात लाइट गेली की कधी कधी रात्रभर येत नाही.

आम्ही चार भाचरं मिळून सहा-सात हजार काढतोय. शाल, चांदीची वाटी, भिंतीवरचं घड्याळ हे सगळं पंचाहत्तरीला देऊन झालं आणि ते कपाटातच आहे. आता रोज हातात येईल असं काही द्यायचंय. चार पायांची काठी, बीपी मशीन, मसाज मशीन अशी नावं निघालीत. ‘मला पार म्हातारी करून टाकलीत’ असं मात्र तिला वाटायला नको.

खाडीकाठ
मसाज मशीन आधी यादीतून काढा. या वयात कातडी पातळ झालेली असते. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर अंगावर काळेनिळे डाग उठतात.

चार पायांची काठी गुळगुळीत, सपाट फरशीवर चांगली. चिऱ्याच्या पायऱ्या आणि अंगण खडबडीत असतं. तिथे चारातले दोन-तीनच पाय टेकतात आणि भार टाकला की काठी डुगडुगते. एका पायाची, रुंद आडव्या मुठीची घ्या. गोल वाकवलेली मूठ आखडलेल्या बोटांना नीट पकडता येत नाही. उंचीसाठी वहिनींकडून माप मागवा: आत्यांनी रोजच्या चपला घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि जमिनीपासून मनगटावरच्या घडीपर्यंत मोजायचं. तेवढी काठी असली की कोपर किंचित वाकलेलं राहतं, तसंच हवं. काठी जास्त उंच झाली तर खांदा वर चढतो, बुटकी झाली तर कंबर वाकते. उजवा गुडघा दुखतो म्हणजे काठी डाव्या हातात. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग सगळा भार गुडघ्यावरच येतो.

खाऱ्या हवेत लोखंडी काठी नको, अॅल्युमिनियमची घ्या. उंची कमी-जास्त करायच्या भोकातलं स्प्रिंगचं बटण मात्र तिचंही गंजतं, ते अधूनमधून गोड्या पाण्याने धुऊन पुसायचं. खालचं रबरी बूच सगळ्यात महत्त्वाचं. आत पत्र्याची चकती असलेलं घ्या, नाहीतर नळीची कड रबर कापून बाहेर येते. त्याच मापाची दोन बुचं जास्तीची द्या आणि तळाच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या की बदलायला सांगा. ओल्या चिऱ्यावर झिजलेलं बूच सरळ घसरतं.

बीपी मशीन डॉक्टरांनी घरी मोजायला सांगितलं असेल तरच. दंडावर बांधायचं घ्या, मनगटाचं नको. नेहमीचा पट्टा 22 ते 32 सेंमी घेराच्या दंडासाठी असतो. आत्या किरकोळ असतील तर आधी दंड मोजा; पट्टा मोठा झाला की आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो.

सुरंगी
आत्याचा दंड 21 सेंमीच भरतोय, म्हणजे मशीन रद्द. न्हाणीघरात धरायला दांडी हवी असं वहिनीचं म्हणणं आहे. भिंत चिऱ्याची, गिलाव्याची. टाइल्स फक्त कमरेपर्यंत. रबराच्या चकत्यांनी चिकटणारी मिळते ती चालेल का?

चिरेबंदी
चालणार नाही. गिलाव्यावर ती धरतच नाही आणि टाइलवर लावली तरी चकतीत हळूहळू हवा शिरून कधी सुटेल ते कळत नाही. माणूस नेमका तोल गेल्यावरच पूर्ण भार टाकतो. टॉवेलच्या दांडीचंही तेच, तिची आशा करू नका.

पक्की बसवायची तर स्टेनलेस स्टीलची, 32 ते 38 मिमी जाडीची. किनाऱ्यालगतच्या हवेत 304 ग्रेडवरसुद्धा तांबूस ठिपके येतात, गंजाला जास्त टिकणारं 316 मिळालं तर उत्तम. स्क्रू आणि बोल्टही स्टेनलेसचेच घ्या. फॅब्रिकेटरकडची रंगवलेली लोखंडी दांडी आधी वेल्डिंगपाशी गंजते. भिंत आणि दांडी यांत दीड इंच अंतर ठेवा. जास्त ठेवलंत तर घसरताना हात कोपरापर्यंत आत अडकतो.

खरी अडचण चिऱ्याची आहे. दगड सच्छिद्र, मध्येच पोकळ. नेहमीचा प्लास्टिकचा गुल्ला त्यात फुलून धरत नाही, स्क्रू आवळताना गोल फिरतो. म्हणून केमिकल अँकर (भोकात रसायन भरून सळई चिकटवायची पद्धत) वापरा. भोक चिऱ्याच्या मधोमध पाडायचं, सांध्यात नाही. ड्रिलचा हॅमर बंद ठेवायचा, नाहीतर भोक वेडंवाकडं मोठं होतं. आतली लाल भुकटी ब्रशने आणि फुंकून पूर्ण काढायची. भुकटी राहिली की रसायन दगडाला न धरता भुकटीलाच धरतं. मग जाळीची नळी घालायची, ट्यूबमधलं रसायन भरायचं आणि आटे असलेली सळई हलकेच फिरवत आत सारायची. ट्यूबवर जेवढा वेळ लिहिलेला असेल तेवढा वेळ तिला हातसुद्धा लावायचा नाही. शेवटी घरातल्या सर्वांत वजनदार माणसाने लोंबकळून बघायचं.

उंची साधारण 33 ते 36 इंच धरतात, पण आत्या बुटक्या असतील तर पुस्तकातला आकडा सोडा. त्यांना कमोडवर बसवा, उठताना हात आपोआप जातो तिथे खडूने खूण करा. दुसरी, उभी दांडी पायऱ्यांच्या वरच्या टोकाला, दाराच्या चौकटीशी.

हे काम मृगाच्या आधी उरका. पावसात चिरा पाणी पितो आणि ओल्या भिंतीत बरीचशी रसायनं धड धरत नाहीत. पायऱ्यांवर शेवाळ धरतं तिथे पावसाआधी आणि मग दर काही दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं.

बकुळ
काठीचं आणि दांडीचं वरती लिहिलंय ते अगदी बरोबर. पण औक्षण झाल्यावर गावातल्या चार बायकांसमोर आत्यांच्या हातात काठी ठेवू नका, कळकळीने सांगते. दांडी ही घराची दुरुस्ती आहे, ती मे महिन्यात दादांच्या नावाने होऊ दे. काठीही तशीच, आधी आणून दाराशी ठेवा. वाढदिवसाला त्यांना आवडेल ते द्या.

रेडिओ ऐकतात का? ऐकत असतील तर मोठी बटणं आणि आवाजाला फिरवायची चकती असलेला संच घ्या. सगळं टच किंवा रिमोटवर असलं की तो मुलांच्या हातात जातो. घेण्याआधी दादांना विचारा की घरात रत्नागिरी आकाशवाणी कुठल्या बँडवर नीट लागते, आणि तो बँड असलेलाच घ्या. डोंगराआडच्या वाडीत एफएम खरखरतं. मीडियम वेव्ह असेल तर एलईडी बल्ब आणि इन्व्हर्टरपासून लांब ठेवायचा. त्याची अँटेना आत असते, म्हणून संचच थोडा फिरवून बघायचा. सेलवर चालणारा हवा, लाइट नसते तेव्हाच रेडिओची खरी सोबत. वापर नसेल तेव्हा सेल काढून ठेवायला सांगा, दमट हवेत ते पाझरून पत्र्या खराब करतात.

पोथी वाचत असतील तर ठळक टाइपाची प्रत, आणि खांद्यामागून पानावर प्रकाश टाकणारा वाकवता येणारा दिवा. साठीनंतर डोळ्यात तरुणपणाच्या जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश पोचतो, म्हणून दिवा ही चैन नाही. बल्ब उघडा नको, टोपीखालचा हवा. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला उघडा प्रकाश खुपतो.

खाऊ म्हणाल तर आषाढात बरका फणस अजून मिळत असेल तर सांदणं (फणसाच्या रसातली वाफवलेली मऊ इडलीसारखी) करा, कवळी असली तरी सहज खाता येतात. शुगर असेल तर गूळ कमी.

खाडीकाठ
बकुळताईंचं पटलं. त्यात एक भर: चार्जिंगचा एलईडी बल्ब, लाइट गेली की आपोआप पेटणारा. एक खाटेजवळ, एक मागच्या पडवीत. भिंतीवरचं बटण चालू असेल तरच तो चार्ज होतो, त्यामुळे ‘उगाच जळतोय’ म्हणून दिवसभर बंद ठेवला तर रात्री लागणार नाही. हे वहिनींना नीट समजावून सांगा.

माडाची सावली
सहस्रचंद्रदर्शन करणार असाल तर तारीख मोजून घ्या. दोन पौर्णिमांमध्ये सरासरी 29.53 दिवस जातात, म्हणजे हजार पौर्णिमांना साधारण 80 वर्षं 10 महिने लागतात. काही घरांत 80 पूर्ण झाल्यावर लगेच करतात, तुमच्या भटजींना विचारा. पुढच्या वैशाखाच्या सुमारास केलंत तर पाऊसही नाही आणि मुंबईकरांना सुट्टीही असते.

सुरंगी
मग भेटीचे दोन भाग करतो. दांडी आणि काठी मे महिन्यात, रेडिओ आणि वाचायचा दिवा वाढदिवसाला. दादाला आत्ताच विचारलं. मीडियम वेव्ह ओटीवर लागतं, माजघरात लागत नाही. माजघरात एलईडी ट्यूब आहे, ती बंद करून परत बघायला सांगितलंय.