मुलांच्या काल्पनिक सागरसफरीत हसू आणि धोका एकत्र कसे नांदतील?

उलटी छत्री (प्रश्न)

माझी भाची आठ वर्षांची आहे आणि भाचा पाच वर्षांचा. गेला आठवडाभर मी त्यांना रोज रात्री एका सागरसफरीची गोष्ट रचून सांगत आहे. जहाज म्हणजे पाण्यावर उलटी ठेवलेली एक अवाढव्य छत्री. तिचा दांडा हीच डोलकाठी, आणि दांड्याची वळलेली मूठ हे टेहळणीचे ठिकाण. कप्तान बगळा आहे. गुडघाभर पाण्यात तो तासन् तास उभा राहतो, परंतु पाय टेकणार नाहीत इतक्या खोल पाण्याची त्याला भयंकर भीती वाटते. सुकाणूवर कासव बसते, आणि दोन मुले खलाशी आहेत, त्यांची नावे या दोघांनीच ठेवली आहेत.

पहिले तीन दिवस दोन्ही मुले पोट धरून हसली. देवमाशाने छत्री गिळली, तेव्हा दांडा त्याच्या घशाला टोचला आणि त्याला शिंक आल्यामुळे सगळे बाहेर फेकले गेले. वादळ आले, तेव्हा कासवाने त्याला दटावले आणि ते लाजून निघून गेले. आठ हातांचा समुद्रराक्षस आला, तेव्हा खलाशांनी त्याला गुदगुल्या केल्या. पाचव्या रात्री मी 'पाण्यातून एक काळी शेपटी वर आली' एवढे म्हणताच भाची शांतपणे म्हणाली, "हिलापण गुदगुल्याच होणार ना?" आणि कुशीवर वळली. भाचा अजून हसतो आहे, परंतु त्यानेही त्याच रात्री विचारले, की बगळ्याला पंख आहेत तर तो उडून का जात नाही. मी काहीतरी गमतीचे बोलून तो प्रश्न टाळला आणि तेव्हापासून माझे मन खात आहे.

गंमत कमी करून गोष्ट थोडी भीतिदायक करावी, की मुले लहान आहेत म्हणून आहे तशीच चालू ठेवावी? ज्यांनी अशा गोष्टी सांगितल्या आहेत किंवा मन लावून वाचल्या आहेत, त्यांनी कृपया सुचवावे.

डोलकाठी

गंमत कमी करण्याची गरज नाही, ती कोठून येते एवढेच बदलावे लागेल, असे मला वाटते. आपल्या गोष्टीत प्रत्येक संकट विनोदानेच मिटते. शिंक, लाजणे, गुदगुल्या या तिन्ही वेळी समुद्रच हार मानतो, आणि एकदा समुद्र हार मानतो हे कळले की आठ वर्षांच्या मुलीला पुढची लाट पाहण्याचे कारण उरत नाही. समुद्राला समुद्राप्रमाणे वागू द्यावे आणि हसू जहाजावरच्या मंडळींच्या स्वभावातून व त्यांच्या नियमांतून येऊ द्यावे.

लुईस कॅरल यांच्या १८७६ सालच्या 'द हंटिंग ऑफ द स्नार्क' या दीर्घकवितेत हे फार सुंदर साधले आहे. सुकाणूवरच्या माणसाशी कोणी बोलू नये, हा जहाजावरचा अगदी शहाणपणाचा नियम आहे, कारण त्याचे लक्ष विचलित झाले तर सगळेच बुडतील. कॅरल यांच्या प्रस्तावनेतला नायक या नियमाला स्वतःची पुस्ती जोडतो, की सुकाणूवरच्या माणसानेही कोणाशी बोलू नये; त्यामुळे चूक दिसत असूनही ती कोणी कोणाला सांगू शकत नाही आणि जहाज उलट्या दिशेने जाऊ लागते. त्याच सफरीतला नकाशा पूर्णपणे कोरा आहे, आणि तो सर्वांना समजतो म्हणून खलाशी खूश आहेत. नकाशावाचून जहाज भरकटते हे मनाशी पक्के असल्यामुळेच वाचकाला हसू येते.

दुसरे उदाहरण सी. एस. लुईस यांच्या १९५२ सालच्या 'द व्हॉएज ऑफ द डॉन ट्रेडर' या कादंबरीतले आहे. वादळानंतर पिण्याचे पाणी मोजून दिले जाऊ लागते, आणि युस्टस हा कुरकुऱ्या मुलगा रात्री चोरून पाणी घ्यायला जातो व पकडला जातो. ही हकिगत तो रोजनिशीत अशा थाटात लिहितो की जणू सारा अन्याय त्याच्यावरच झाला आहे. आपण त्याला हसतो, परंतु पाणी खरोखरच संपत आले आहे हे आपल्याला त्याच्याच रोजनिशीतून कळते. एकाच पानावर हसू आणि तहान दोन्ही आहेत. त्यासाठी लेखकाला कोणताही राक्षस आणावा लागलेला नाही.

आपल्याला तर जहाजच इतके चांगले सुचले आहे की बाहेरून संकटे आणण्याची आवश्यकता नाही. उलट्या छत्रीत पावसाचे पाणी साचणारच. तिचा व्यास ३० मीटर धरला, तर १० मिलिमीटर पावसात सुमारे सात हजार लिटर, म्हणजे सात टन पाणी तिच्यात जमेल. पिण्याला तेच पाणी हवे आणि बुडवणारेही तेच, तेव्हा किती ठेवायचे आणि किती उपसायचे यावर कप्तान आणि कासव यांचे भांडण होऊ द्यावे. पाऊस येताच सवयीने "छत्री उघडा!" असे ओरडणारा बगळा मला आत्ताच डोळ्यांसमोर दिसतो आहे. आणि छत्रीला मिटण्याचा खटका असतोच. तो कधीही दाबायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा आणि मग चार रात्री त्याविषयी अवाक्षरही काढू नये.

भरतीओहोटी

वरील प्रतिसादातील बराचसा भाग मला पटतो, पण त्यात पाच वर्षांचा भाचा विसरला गेला आहे असे नम्रपणे नमूद करतो. लिटर, टन आणि नियम यांत त्याला रस नसेल. त्या वयात निव्वळ तर्कविसंगतीचाच आनंद असतो. एडवर्ड लिअर यांची १८७१ सालची कविता घ्या: काही मंडळी चाळणीत बसून समुद्रप्रवासाला निघतात, किनाऱ्यावरचे लोक बुडाल म्हणून ओरडतात, तरीही ती जातात आणि परत येतात. तेथे कोणता नियम आहे? चाळणी तरंगते, कारण कवीला ती तरंगायला हवी आहे. वादळ लाजले तर लाजू द्यावे. भाचीसाठी हवी तर दुसरी गोष्ट सांगावी.

गलबत

चाळणीच्या कवितेविषयी थोडे सांगायला हवे, कारण ती माझ्या अतिशय जिव्हाळ्याची आहे. त्या कवितेत चाळणीत पाणी शिरते. लिअर ते लपवत नाहीत, लगेच सांगतात. मग ती मंडळी पाय कोरडे राहावेत म्हणून ते गुलाबी कागदात नीटनेटके गुंडाळतात, वर टाचणी लावतात आणि रात्र एका मातीच्या बरणीत काढतात. उपाय वेडगळ आहे, पण पाणी खरे आहे, आणि लहान मुले ज्याला हसतात तो हा गुलाबी कागद. पाणी शिरलेच नसते तर कागदाची गंमत कोठून आली असती? त्यामुळे दोन वयांसाठी दोन गोष्टी कराव्या लागतील असे मला वाटत नाही. धाकट्याला कागद मिळेल आणि थोरलीला पाणी.

टेहळणीच्या जागेचाही उपयोग करून घ्यावा. पृथ्वी गोल असल्यामुळे पाण्यापासून दोन मीटर उंचीवरच्या डोळ्यांना क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर दिसते, तर ३० मीटर उंच मुठीवर बसलेल्याला ते जवळजवळ २० किलोमीटरवर दिसते. छत्री ५ नॉट वेगाने, म्हणजे ताशी नऊएक किलोमीटर चालली असेल, तर सपाट वाळूचे बेट वरच्या खलाशाला खालच्यांच्या दीड तास आधी दिसेल. त्या दीड तासात त्याच्यावर कोणाचाही विश्वास बसणार नाही. खाली येऊन शपथा घेतल्या तर खालून बेट दिसत नाही, आणि वर गेले की पुन्हा दिसते. यात किती संवाद दडलेले आहेत पाहा!

कोणाला बोट लागते असे दाखवायचे असेल तर त्याची टिंगल मात्र करू नये. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ या 'बीगल'वरच्या प्रवासात सतत आजारी पडत असत आणि तरीही त्यांनी तो प्रवास पुरा केला. आजारी खलाशी वैतागून काय काय बोलतो याला हसावे, त्याच्या उलटीला हसू नये.

राहिला बगळ्याचा प्रश्न. तो टाळू नये, सबंध गोष्टीतला सर्वांत चांगला प्रश्न तोच आहे. बगळ्याला सहज उडून जाता येईल. गायबगळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आफ्रिकेकडून अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचले, असे पक्षिशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा आपला कप्तान कोणत्याही सकाळी निघून जाऊ शकतो, आणि खोल पाण्याची भीती वाटणारा तोच एक आहे. तरी तो जात नाही. का, हे मी सुचवणार नाही. आपल्या भाच्याला विचारून पाहावे.

उलटी छत्री

सर्वांचे मनापासून आभार. दोन रात्री झाल्या, म्हणून कळवत आहे.

काल पाऊस पाडला. "छत्री उघडा!" या आज्ञेला धाकटा इतका हसला की मला थांबावे लागले. पाणी कासवाच्या पाठीपर्यंत चढले आणि ते पोहू लागल्यामुळे सुकाणू मोकळे सुटले, तेव्हा भाची उठून बसली. काय उपसू नये आणि काय उपसावे याचा हिशेब तिनेच केला: पिण्यासाठी चार पिंपे भरून ठेवायची, बाकीचे पाणी बाहेर. उपसायला साधन कोणते, असे मी विचारल्यावर धाकट्याने कप्तानाची टोपी सुचवली. टोपी पाण्यात पडली तर बगळ्याला पोहायला लागेल म्हणून ती दोरीने त्याच्या मानेला बांधलेली आहे, हेही त्यानेच ठरवले. त्यामुळे टोपीने पाणी उपसताना प्रत्येक वेळी बगळा टोपीपाठोपाठ वाकतो.

आज मी ठरवून विचारले, की बगळा उडून का जात नाही. धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाकीच्यांना उडता येत नाही ना, म्हणून." भाचीने त्याच्याकडे पाहिले आणि मला बजावले, की पुढच्या वादळात बगळ्याने एकदा तरी पंख उघडून पाहिले पाहिजेत, आणि पुन्हा मिटले पाहिजेत.

मिटण्याचा खटका कोणता, हे दोघांनाही ठाऊक आहे. उद्या समुद्र शांत ठेवणार आहे. खटक्याचा विषय अजून तीन रात्री काढायचा नाही.