यवतमाळच्या मे महिन्यात टिकेल असा गेमिंग लॅपटॉप, दुकानात नेमकं बघायचं काय?

उन्हाळी_बॅच

नमस्कार मंडळी. गाव यवतमाळ, बजेट एक लाख, फारच पटलं तर बाबांकडून अजून दहा हजार निघतील. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष आहे, होस्टेल-घर-होस्टेल चालू असतं, त्यामुळे "डेस्कटॉप घे" हा सल्ला प्लीज नको, तो दोन्ही मावसभावांनी देऊन झालाय.

जुना लॅपटॉप (कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडणं नकोत) दोन वर्षांत दोन्हीकडून गेला. मे महिन्यात दुपारी गेम लावला की पहिली पंधरा मिनिटं मस्त, मग एकदम ६० वरून २५ एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम), आणि कीबोर्डच्या वरच्या पट्टीवर तर बोट ठेववत नव्हतं. मग एक दिवस झाकण उघडताना कट्ट आवाज आला आणि उजवा हिंज (झाकणाची बिजागरी) प्लास्टिक फोडून बाहेर. वॉरंटी संपून तीन महिने झालेले, हे सांगायलाच नको.

आता रिव्ह्यू बघून डोकं फिरलंय. एक म्हणतो सीपीयू (प्रोसेसर) ९५ डिग्रीला गेला म्हणजे भंगार, दुसरा म्हणतो एकदम नॉर्मल. कोणी म्हणतं मेटल बॉडीच घे. दुकानात गेलो तर सेल्समन कीबोर्डचे रंगीत लाइट बदलून दाखवतो. उभ्या उभ्या पाच-दहा मिनिटांत तापणारा आणि तकलादू लॅपटॉप ओळखायची काही युक्ती आहे का?

फ्रेम_मोजणारा

९५ वर अडकू नको भावा. इंटेलचे एचएक्स प्रोसेसर (गेमिंग लॅपटॉपातले ताकदवान) साधारण १०० डिग्रीपर्यंत चालायलाच बनवलेत, तिथे पोचले की स्वतःच क्लॉक (वेग) खाली ओढतात, त्यालाच थ्रॉटलिंग म्हणायचं. म्हणून नुसतं तापमान विचारून काही कळत नाही. किती वॅट खाऊन तेवढं तापमान आहे आणि अर्ध्या तासाने पण तेवढेच वॅट मिळतायत का, हे विचारायचं. काही लॅपटॉप ८० डिग्रीवर थंडगार दिसतात कारण कंपनीने आधीच लगाम घालून ठेवलेला असतो, त्याला कूलिंग चांगलं कसं म्हणणार.

ग्राफिक्स कार्डाचं तर याहून वाईट. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० कार्ड लॅपटॉपमध्ये टाकताना कंपनी ते ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही बसवू शकते, वर डायनॅमिक बूस्टचे (सीपीयूच्या वाट्यातून गरजेला कार्डाकडे वळवलेले) २५ धरले तर १४०. खोक्यावर नाव सगळीकडे तेच ४०६०!! पातळ, देखणा लॅपटॉप आणि जाडजूड लॅपटॉप यांत खरा फरक इथे असतो.

दुकानात हे बघता येतं. डेमो पीसवर एनव्हिडिया कंट्रोल पॅनल उघड, खाली सिस्टीम इन्फर्मेशन, त्यात मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर म्हणून आकडा असतो, तो वहीत लिहून घे. तेवढ्यात चार्जरची वीट पण उलटी करून वॅट वाच. एचएक्स प्रोसेसर, १४० वॅटचं कार्ड आणि चार्जर १८० चा असेल तर दोघांचं पोट एकदम भरणार नाही हे कळायला इंजिनीअरिंग लागत नाही.

आणि एक, रिव्ह्यू करणारा एसीत २४ डिग्रीत बसलेला असतो. तुझी खोली दुपारी ३८ असेल तर त्याच्या आकड्यात साधारण १४ घाल. त्याचं कार्ड ७५ वर, तर तुझं ९० कडे जायला बघणार, आणि ते तिथवर जायच्या आधीच स्वतःला आवरतं. तुझी १५ मिनिटांची मजा तिथेच संपत होती. रिव्ह्यूमध्ये खोलीचं तापमान सांगितलं नसेल तर तो रिव्ह्यू आपल्या कामाचा नाही.

पाना_आणि_पेस्ट

कोल्हापुरात रिपेरिंगचं दुकान आहे, रोज उघडतो म्हणून हिंजवर बोलतो.

मेटल बॉडी मेटल बॉडी म्हणतात ते बऱ्याचदा झाकणाच्या पाठीवर ॲल्युमिनियमचा पत्रा असतो एवढंच. हिंजचे स्क्रू कुठे बसतात ते बघा की. बेसच्या प्लास्टिकात छोटे पितळी नट गरम करून दाबलेले असतात, त्यात हिंजचे स्क्रू. वर्ष-दोन वर्षांत हिंज जाम होतो, आपण झाकण ओढतो, जोर सगळा त्या नटांवर, आणि एक दिवस नट प्लास्टिकसकट उपटून येतो. तुमचा कट्ट आवाज हाच. तेव्हा नव्या लॅपटॉपचा हिंज लई कडक असला की लोक म्हणतात वा काय मजबूत, मी म्हणतो थांब जरा. हिंज नरमच असावा, फक्त स्क्रीन हलू नये.

दुकानात असं करा. झाकण मुद्दाम एका कोपऱ्याने हळू उघडा, आणि डोळा हिंजच्या मुळाशी ठेवा. तिथे बेसच्या वरच्या आणि खालच्या भागाच्या जोडात फट पडताना दिसली तर सोडून द्या तो पीस. (घरी मात्र कायम मधोमध धरूनच उघडायचं.) कीबोर्ड मधे दाबला की थोडा खाली जातो ते काही फार मनाला लावून घेऊ नका, त्याने कोणाचा लॅपटॉप मेलेला मी बघितला नाही.

मग पालथा करा. सेल्समनला बरं वाटणार नाही, करा तरी. मोबाईलचा टॉर्च मारा जाळीवर. जाळी मोठी दिसते पण निम्म्या चिरा आतून बंद असतात, नुसती नक्षी. उजेड आत जाऊन पंख्याची पाती दिसली पाहिजेत. गरम हवा कुठून बाहेर पडते ते पण बघा, उजव्या कुशीतून पडत असेल तर माउसवाला हात भाजणार. आणि खालचं झाकण साध्या स्क्रूंनी उघडतंय ना? तुमच्याकडे जिनिंग आहेत, कापसाचे तंतू उडतात, पंखा आणि जाळीच्या मधे त्याची चक्क गादी तयार होते. तुमच्याच भागातला एक मुलगा इथे शिकायला होता, त्याच्या लॅपटॉपमधून मी अखंड पट्टी काढली बोटाएवढी, तापमान तिथल्या तिथे खाली आलं. ब्लोअर मारताना पंखा काडीने धरून ठेवायचा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं.

अजून एक, पूर्ण मेटलवाला घेतलात आणि होस्टेलच्या बोर्डाला अर्थिंग नसेल तर मनगटाला मुंग्या येतात. लोक लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात, दोष प्लगात असतो.

खाऱ्या_वाऱ्यातली

पाना दादांचं पटलं, फक्त कूलिंग पॅडला अजून कोणी शिव्या दिल्या नाहीत म्हणून मी देते. पंखेवाला पॅड दोन हजारांचा घेतला, फरक दिसला तो लॅपटॉप मागून उचलला गेल्यामुळे. आता मागच्या दोन पायांखाली बाटलीची दोन बुचं ठेवते, तोच परिणाम. गादीवर ठेवून खेळणाऱ्याला मात्र देवसुद्धा वाचवू शकत नाही.

फ्रेम लॉक कर. स्क्रीन १४४ हर्ट्झची (सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणारी) आहे म्हणून प्रत्येक गेम १४४ वर पळवायलाच हवा असं कुठे आहे, स्टोरीवाले गेम ६० वर बांधले की पंखे पण शांत होतात. आणि फारच उकाड्यात विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ कर, टर्बो बूस्ट (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, सीपीयू दहा-पंधरा डिग्री सहज उतरतो आणि कार्डावर चालणाऱ्या गेमला फारसा फरक पडत नाही.

मी रत्नागिरीला असते, इथे ऊन कमी पण दमट खारी हवा, पोर्ट गंजतात. तुमच्याकडे कोरडं म्हणजे एका अर्थी सुखी आहात.

पाना_आणि_पेस्ट

ताई कोरडं कुठलं, विदर्भात कूलर असतो ना! त्याच्या अगदी तोंडासमोर लॅपटॉप ठेवतात आणि मग बोर्डावर हिरवी-पांढरी पुटकुळी घेऊन येतात. खोली गार करायला कूलर चालेल, झोत अंगावर घ्या, लॅपटॉपवर नको.

उन्हाळी_बॅच

आज नागपूरला जाऊन आलो. तीन दुकानं. पहिल्या दुकानात कंट्रोल पॅनल उघडलं तर सेल्समन म्हणे, "तुम्ही यूट्यूबवाले का बे?"

दोन पीस आवडलेले, दोन्ही ४०६०. पातळवाल्याचा आकडा ७५ वॅट निघाला, जाडवाल्याचा १४०, किंमत पातळवाल्याची सहा हजाराने जास्त!! पातळवाला पालथा केला तर जाळीतून उजेड फक्त दोन चिंचोळ्या पट्ट्यांत आत जातो, बाकी नक्षी. जाडवाल्यात दोन्ही पंखे समोर दिसतात आणि हवा सगळी मागून. बॉडी पूर्ण प्लास्टिक, पण कोपऱ्याने उघडला तेव्हा हिंजपाशी फट पडली नाही. वजन चार्जरसकट सव्वातीन किलोच्या आसपास, बॅगेचा पट्टा आत्तापासूनच घाबरलाय.

एक शंका. त्याच कंपनीचा वरचा मॉडेल आहे, त्यात सीपीयूवर लिक्विड मेटल (उष्णता नेणारा पातळ धातू) आहे म्हणतात, पंधरा हजार जास्त. घ्यावा का?

फ्रेम_मोजणारा

नको. लिक्विड मेटल साध्या पेस्टपेक्षा (चिपवरची उष्णता बाहेर नेणारा लेप) उष्णता चांगली नेतं हे खरं, पण त्यात गॅलियम असतं, ॲल्युमिनियमला लागलं तर ते खातं, आणि वीज वाहून नेतं म्हणून सांडलं तर बोर्डाचं काही खरं नाही. फॅक्टरीत नीट बांध घालून भरतात म्हणून नवं असताना भीती नाही. पण उद्या सफाईला गल्लीतल्या दुकानात उघडायचं म्हटलं तर अर्धे लोक हात लावत नाहीत. साधा घे, दीड-दोन वर्षांनी पेस्ट सुकली की तिच्या जागी पीटीएम ७९५० नावाची उष्णता नेणारी पट्टी बसव, ४५ डिग्रीच्या आसपास वितळून नीट पसरते आणि पेस्टसारखी कडेला निघून जात नाही.

पाना_आणि_पेस्ट

आमच्याकडे लिक्विड मेटलवाला आला की मी आधी लिहून घेतो, बिघडलं तर माझी जबाबदारी नाही म्हणून. जाडवाला घ्या. आणि बॅग जुनी वापरू नका, सव्वातीन किलो पाठीवर घेऊन एसटीत चढणार तुम्ही, पट्टा तुटला तर हिंज नाही नि काही नाही.

उन्हाळी_बॅच

घेतला, जाडवालाच. काल दुपारी खोलीत ३९ असताना दीड तास चालवला, मागे बुचं लावून, ६० वर लॉक. कार्ड ७८ डिग्री, एफपीएस हललं नाही. पंख्याचा आवाज ऐकून आजी विचारत होती मिक्सर कोणी लावलाय.